मान टाकलेले अंजीर

यंदा कोजागिरी ६ ऑक्टोबरला, सोमवारी आली, आणि त्याच दिवशी सकाळी आमच्या कुंडीतल्या ब्लॅक मदेरा जातीच्या पहिल्या अंजिराने मान टाकली. मान टाकणे या शब्दांचा आपल्याकडे एरवी काय अर्थ होतो ते मला ठाऊक आहे, परंतु अंजिराच्या बाबतीत ती आनंदाची बातमी असते. फळाचा देठाकडचा निमुळता भाग इतके दिवस फांदीशी कोन करून ताठ उभा असतो. तो एका रात्रीत मऊ पडतो आणि फळ स्वतःच्या वजनाने खाली झुकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीतभर काडी हातात आल्यापासून मी या झुकण्याची वाट पाहत होते.

मी न्यू जर्सीत राहते, पण माझे आजोळ पुरंदर तालुक्यातले, दिवे घाट चढून वर आल्यावर जी अंजिराची आणि सीताफळाची गावे लागतात त्यांपैकी एक. तिथे अंजीर ही हौस नव्हती, ते घर चालवणारे पीक होते. मामांच्या तोंडी वर्षाचे दोनच भाग असत, खट्टा बहार आणि मीठा बहार. पावसाच्या तोंडावर छाटणी करून धरलेला तो खट्टा, आणि पावसाळा सरता सरता छाटणी करून धरलेला तो मीठा; छाटणीपासून साधारण चार-साडेचार महिन्यांनी फळ हाती येते. मीठ्या बहाराचे फळ गोडीला आणि दिसण्याला सरस, त्यामुळे मदार त्याच्यावर. पानांवर तांबेरा दिसला की घरात कोणी आजारी पडल्यासारखी सगळ्यांची बोलणी हळू होत. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मी उत्साहाने फोन केला, तर मामा म्हणाले, "कागद आला, चांगलं झालं. आता पाणी कधी येतंय तेवढं विचार." अशा माणसाच्या लेखी सातासमुद्रापार कुंडीत लावलेले एक अंजीर म्हणजे खेळ, आणि तो खेळच आहे हे मलाही मान्य आहे.

ब्लॅक मदेरा ही जात नावाप्रमाणेच अटलांटिक महासागरातल्या मदेरा या पोर्तुगीज बेटाची ओळख सांगते. तिथे कडाक्याची थंडी नसते, हंगाम लांब असतो, आणि या अंजिराला तशीच सवय आहे; ते उशिरा धरते आणि त्याहून उशिरा पिकते. अमेरिकेच्या कृषी खात्याने कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे फळझाडांच्या जातींचा जो संग्रह जपला आहे त्यात हे झाड आहे, आणि हौशी मंडळींमध्ये हातोहात फिरणाऱ्या पुष्कळ काड्यांचे मूळ तिथलेच आहे. खरे पाहता अंजिराचे फाटे कलम इतके सोपे की कोणतीही जात फार काळ दुर्मीळ राहू नये. दुर्मीळ आहे ते पिकलेले फळ. इथल्या दुकानांत ब्लॅक मिशन आणि ब्राऊन टर्की एवढीच ताजी अंजिरे सहसा दिसतात, कारण ती त्यातल्या त्यात प्रवास सोसतात. पूर्ण पिकलेले अंजीर दोन दिवसही धड राहत नाही, आणि कच्चे तोडून आंब्यासारखे अढीत घालावे तर ते मऊ पडते पण त्याची गोडी वाढत नाही. म्हणून ज्याच्या दारात झाड त्याच्याच तोंडात घास, हा नियम जगभर सारखाच.

माझ्याकडे कॅलिफोर्नियातल्या एका हौशी बागवानाकडून टपालाने दोन काड्या आल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, ओल्या कागदात गुंडाळलेल्या. त्यांचे ४० डॉलर दिले होते ही गोष्ट मी घरात बरेच दिवस लपवून ठेवली. मामांना सांगितली तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली, कारण छाटणीनंतर तसल्या काड्यांचे भारेच्या भारे त्यांच्याकडे बांधावर पडलेले असतात. दोनांपैकी एक काडी मी प्रेमाने मारली. मुळे फुटलेली नसताना काडी पाणी पिणार कशाने, एवढा साधा विचार न करता मी तिला रोज पाणी घालत राहिले आणि ती खालून काळी पडून कुजली. दुसरी दह्याच्या पारदर्शक डब्यात, जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये होती. पाचव्या आठवड्यात डब्याच्या भिंतीला आतून पांढरे शुभ्र मूळ टेकलेले दिसले.

पानेही आली, पण ती निरोगी नव्हती. त्यांच्यावर फिकट पिवळे डाग होते, काही पाने एका अंगाने मुडपलेली होती. हा अंजिराचा मोझॅक विषाणू. तो काडीबरोबरच येतो, शिवाय एका अतिसूक्ष्म कोळी किडीमार्फत पसरतो, त्यावर औषध नाही, आणि ब्लॅक मदेरा जातीत तो इतका सर्रास आढळतो की जाणकार त्याची तक्रारही करत नाहीत. झाड वाढवावे, खाऊपिऊ घालावे, जोर धरला की ते आपोआप बरे दिसू लागते. पहिल्या दोन वर्षांत मात्र त्याची वाढ पाहून चिडचिड होत असे. शेजारच्या कुंडीतले साधे ब्राऊन टर्की माझ्या खांद्याला लागले तेव्हा हे गुडघ्यापाशी रेंगाळत होते.

न्यू जर्सीत खरी अडचण थंडीची. पारा उणे १० अंशांच्या आसपास उतरला की अंजिराच्या फांद्या मरू लागतात. इथल्या जुन्या इटालियन वस्त्यांमध्ये त्यावर पिढ्यानुपिढ्यांचा उपाय आहे: पाने गळाली की झाड दोरीने आवळायचे, भोवती गोणपाट, जुने गालिचे आणि ताडपत्री गुंडाळायची आणि शेंड्यावर बादली पालथी घालायची. हिवाळ्यात त्या परसांमध्ये बादलीची टोपी घातलेली बुजगावणी उभी दिसतात. काही जण तर एका बाजूची मुळे तोडून झाड जमिनीवर आडवे करतात आणि वसंतापर्यंत मातीत पुरून ठेवतात. माझी कुंडी चाकांवर आहे, त्यामुळे मी ती गॅरेजमध्ये ढकलते आणि महिन्यातून एकदा पेलाभर पाणी देऊन बाकी तिला झोपू देते.

२०२३ मध्ये झाडाला पहिली फळे धरली ती ऑगस्टच्या अखेरीस, आणि सुपारीएवढी होईतो थंडी पडली. ती हिरवीच गळून गेली आणि त्याचे फारसे वाईटही वाटले नाही, कारण झाड लहान होते. पुढच्या वर्षीचे मात्र अजून सलते. २०२४ मध्ये जुलैत धरलेले एक फळ ऑक्टोबरमध्ये काळे झाले. नावातच काळेपणा असलेले अंजीर काळे झाले म्हणजे पिकले, असे मी गृहीत धरले आणि मैत्रिणींना बोलावून, फोटो काढून ते तोडले. देठातून दुधासारखा चीक ठिबकू लागला तेव्हाच शंका यायला हवी होती. आत गर होता तो फिकट गुलाबी, सालीलगत पांढरा जाड थर, आणि चव म्हणाल तर जून काकडीत कोणी चिमूटभर साखर कालवावी तशी. ओठ चुरचुरले ते वेगळेच. अंजिराच्या चिकात फायसिन नावाचे प्रथिने विरघळवणारे द्रव्य असते आणि उन्हात त्वचा पोळवणारी इतरही द्रव्ये असतात. मनगटावर पडलेल्या थेंबांचे तांबूस व्रण मी पुढे आठवडाभर मिरवत होते. मामांना सगळे सांगितल्यावर ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "रंगाला भुललीस, पोरी. रंग आधी येतो, साखर मागनं येते. मान टाकंस्तवर हात लावायचा नाही." हे त्यांनी मला लहानपणी बांधावर उभे करून शंभरदा सांगितलेले होते.

म्हणून यंदा सगळे लवकर आरंभले. फेब्रुवारीच्या मध्यावर कुंडी दक्षिणेकडच्या खिडकीपाशी आणून झाड जागे केले. एप्रिलभर दिवसा अंगणात आणि रात्री आत, अशी गुरे सोडावीत आणि बांधावीत तशी तिची ने-आण केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक फांदीवर सहा पाने मोजून शेंडे खुडले, म्हणजे झाड उंची सोडून फळांकडे वळते. २० जूनला एका पानाच्या बगलेत मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला, त्या पेराला मी लाल दोरा बांधला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारीख लिहिली.

त्यानंतर जे घडते ते अंजीर लावणाऱ्याच्या धीराची परीक्षा पाहणारे असते. हे फळ तीन टप्प्यांत वाढते. पहिले पाच-सहा आठवडे ते भराभर फुगते. मग वाढ जवळजवळ थांबते आणि दीड-दोन महिने ते फळ तेवढेच, तसेच हिरवे आणि दगडासारखे टणक राहते. आणि शेवटच्या काही दिवसांत पुन्हा एकदम फुगून, रंग घेऊन, मऊ पडून मोकळे होते. मधल्या टप्प्यात आपण फसवले गेलो आहोत असे वाटू लागते. त्या दिवसांत मला तेलाच्या युक्तीचा मोह झाला होता. फळाच्या बुडाशी जो बारीक डोळा असतो त्यावर ऑलिव्ह तेलाचा थेंब लावला की ते अंजीर बरोबरीच्या फळांपेक्षा आधी पिकते, ही भूमध्य समुद्राकाठची फार जुनी रीत आहे आणि ती खरोखरच चालते. पहिल्या फळावर मात्र ती करायची नाही असे ठरवले, कारण त्याची स्वतःची चव स्वतःच्या वेळेला कशी येते तेच मला पाहायचे होते.

दुसरी चिंता खारींची. त्यावर उपाय घरातच निघाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण द्यायला आणलेल्या ऑर्गंझाच्या नाडीवाल्या पिशव्या उरल्या होत्या. त्यातली एक मोरपंखी पिशवी फळाला चढवून नाडी आवळली. वारा जातो, ऊन जाते, गांधीलमाशी जात नाही. खारीने एकदा पिशवी चावून पाहिली आणि सोडून दिली.

२९ सप्टेंबरला फळ हललेले दिसले, म्हणजे फुगायला लागले. हिरव्यावर आधी तपकिरी झाक आली, मग जांभळी, आणि २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, ते पूर्ण काळे होते. गेल्या वर्षी मी याच दिवसाला फशी पडले होते. या वेळी पिशवीवरूनच बोट लावून पाहिले, मान ताठ होती, मी घरात आले. दोन दिवसांनी काळ्या सालीवर उभ्या पांढऱ्या रेघा उमटल्या, तळ्यातला गाळ सुकताना तडकतो तशा. रविवारी संध्याकाळी बुडाच्या डोळ्यातून काकवीच्या रंगाचा एक थेंब बाहेर आला आणि न पडता तिथेच लोंबत राहिला. आणि सोमवारी सकाळी सात वाजता पिशवीतले फळ फांदीला लागून उलटे टांगल्यासारखे झुकले होते.

तोडावे लागलेच नाही. अंगठ्याने किंचित वर उचलले तर ते हातात आले आणि देठाच्या टोकाशी चीक नव्हता, नुसता ओलावा होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते ४१ ग्रॅम भरले. नवरा, मुलगा, पुण्याहून आलेल्या सासूबाई आणि मी, असे चार वाटे करायचे होते, म्हणून सुरी घेतली होती. पण पहिला काप घेताच फळ आपणहून उकलले. आतला रंग कोकमाच्या आगळाचा, तितकाच गडद आणि तितकाच ओलसर. गेल्या वर्षी जो पांढरा थर बोटभर वाटला होता तो आता दोऱ्याएवढा उरला होता. गरातला प्रत्येक लाल तंतू म्हणजे एक फूल असते; अंजीर हे फुलांचा अख्खा गुच्छ आत वळवून घेतलेले फळ आहे. आपण उंबराचे फूल दिसत नाही म्हणतो तेही त्याच कारणाने, ती दोन्ही एकाच कुळीतली. फरक असा की उंबर फोडले की केंबरे निघायचीच, आणि या अंजिराला मात्र परागीकरणासाठी कोणत्याही माशीची गरज नसते, ते तिच्यावाचूनच धरते आणि पिकते. मुलाने खात्री करून घेण्यासाठी तो प्रश्न दोनदा विचारला.

चवीबद्दल हौशी मंडळींचे एक ठरलेले वर्णन आहे, ते म्हणजे स्ट्रॉबेरीचा जाम. मुलगाही पहिला घास घेऊन तेच म्हणाला. मला ते पटत नाही. स्ट्रॉबेरीत आधी वास येतो आणि मग चव. या फळाला वास जवळजवळ नाही. दाटपणा मात्र जामचाच आहे, गर जिभेवर पाझरत नाही, मुरांब्यासारखा बसून राहतो. पहिल्या क्षणी ते नुसते गोड लागते, इतके की घशाशी गोडी दाटते, आणि मग मागून आंबटपणा येतो. तो आंबटपणा मला ओळखीचा वाटला, पण कुठला ते कळेना. नंतर आठवले, महाबळेश्वरला खाल्लेली काळी पिकलेली तुती. तुती आणि अंजीर एकाच कुटुंबातली झाडे आहेत हे पुस्तकात वाचले होते, ते जिभेने त्या दिवशी सांगितले. शेवटी सालीचा किंचित तुरटपणा आणि दाताखाली बियांची बारीक कुरकुर उरली.

सासूबाईंनी आपला वाटा सावकाश संपवला, बोटे पुसली आणि म्हणाल्या, "छान आहे गं. पण अंजिरासारखं नाही लागत."

त्या क्षणी मला थोडे लागले, खोटे कशाला सांगू. पण मग मी उरलेली साल चघळत विचार करत राहिले आणि त्यांचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे असे माझ्या लक्षात आले. आमची जीभ ज्याला अंजीर म्हणते ते पुरंदरचे, फिकट जांभळ्या सालीचे, गुलाबी गराचे, पाणीदार आणि सौम्य. त्यात आंबट असे काही नसते, गोडीही अंगावर येत नाही. सकाळी थंड असताना चार-पाच सहज पोटात जातात आणि वर चहाही चालतो. ब्लॅक मदेराचा एक चतुर्थांश वाटा खाल्ल्यावर मला दुसरा मागावासा वाटला नाही. ते पोट भरण्याचे फळ नाही, चाखायचे आहे. हौशी लोक त्याला जगातले सर्वोत्तम अंजीर म्हणतात तेव्हा ते ज्याच्याशी तुलना करतात त्यात सासवडच्या बाजारातली पाटी नसते. मी दोन्ही खाल्ली आहेत, आणि कोणते वरचढ हा प्रश्नच मला आता चुकीचा वाटतो. आंब्याच्या मापाने फणस मोजावा तसा तो आहे. पण घरात एकच झाड लावायची मुभा असती तर मी कोणते लावले असते, याचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते ४० डॉलरवाले नव्हे.

साडेसातला मामांना व्हिडिओ कॉल केला, तिकडे संध्याकाळचे पाच वाजले होते. फळ तर संपले होते, म्हणून फोटो दाखवला.

"केवढंसं गं हे? आमच्याकडं असला माल वेगळा काढतात."

"मामा, चव घ्यायला पाहिजे होती तुम्ही."

"घेतली असती की. पण ते पान दाखव मला. हां, ते पिवळं. झाड आजारी आहे का?"

फळाच्या फोटोत कोपऱ्यात आलेले एक डागाळलेले पान त्यांनी चार इंची पडद्यावर हेरले होते. मी विषाणूचे सांगितले. ते गप्प राहिले, मग म्हणाले की आजारी झाडाचे फळ कधी कधी जास्त गोड असते असे त्यांचे वडील म्हणत. खरे-खोटे त्यांना माहीत नाही. धरल्यापासून किती दिवस लागले ते त्यांनी विचारले. कालनिर्णय काढून मोजले तर १०८ भरले. "म्हंजी एक जपमाळ झाली," ते म्हणाले, आणि शेवटी विचारलेच, "भाव काय येतो तिकडं याला?" याला भावच नाही, कारण हे विकतच कोणी नाही, असे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली ती कौतुकाने की कीव येऊन, ते पडद्यावर नीट कळले नाही.

संध्याकाळी आटीव दूध करताना मुलाने सुचवले की पुढचे अंजीर पिकले की ते चिरून मसाला दुधात घालू. सासूबाईंनी लगेच हात वर केला. त्या कारण सांगत नाहीत, पण इथे कारण आहे: अंजिराच्या चिकाने दूध फाटते, भूमध्य समुद्राकाठचे धनगर त्याच चिकाने दूध विरजून चीज करत. पूर्ण पिकलेल्या फळात तो फारसा उरत नाही हे खरे, पण चार जणांच्या कोजागिरीच्या दुधावर हा प्रयोग करण्याचे धाडस माझ्यात नव्हते. दूध नेहमीसारखे, केशर आणि चारोळी घालून प्यायलो.

झाडावर अजून पाच फळे आहेत. त्यांतली शेवटची दोन हिरवी आहेत आणि हिरवीच राहतील, ऑक्टोबर फार दिवस देणार नाही. आज रात्री पारा ४ अंशांवर येणार म्हणून संध्याकाळी कुंडी आत ढकलली. दुसरे फळ परवापासून काळे आहे, त्याला आता मोरपंखी पिशवी चढवली आहे. नाडी न सोडता बोट लावून पाहिले. मान ताठ आहे.